वाचक विचारतात : अपडेट आलं, पासवर्ड कोण टाकणार?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर विंडोज ११ वर गेलेल्या वाचकांची जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी एकाच गाठीपाशी अडली आहेत. सॉफ्टवेअर स्वतःला अपडेट करू पाहते आणि मध्येच अ‍ॅडमिनची परवानगी मागते. (अ‍ॅडमिन म्हणजे संगणकात सगळे बदल करायचा अधिकार असलेले खाते, आणि स्टँडर्ड म्हणजे तो अधिकार नसलेले साधे खाते.) त्यांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचं लातूरला आडत दुकान आहे. संगणक तीन. एक वडिलांचा, दोन मुनिमांचे. मुनिमांना स्टँडर्ड खातं दिलंय. पण रोज काही ना काही अपडेट येतं आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागायलंय. वडील सकाळी सौद्यात असतात, फोन उचलत नाहीत. शेवटी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलाय. त्यापेक्षा दोन्ही खाती अ‍ॅडमिनच करून टाकावीत का?

उत्तर : नको. चिठ्ठी आजच काढा आणि पासवर्ड बदला.

अपडेट इंटरनेटवरून उतरवायला कुणाची परवानगी लागत नाही. अडते ते जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल ठेवताना. सी ड्राइव्हमधल्या प्रोग्राम फाइल्स या फोल्डरातल्या फाइली स्टँडर्ड खात्याला वाचता येतात, चालवता येतात. पण बदलता किंवा पुसता येत नाहीत. कारण तो फोल्डर त्या संगणकावरच्या सगळ्या खात्यांचा सामाईक असतो. मुनिमाच्या खात्यातून शिरलेल्या एखाद्या व्हायरसने तिथली फाइल बदलली, तर तीच फाइल उद्या वडिलांच्या खात्यातून, बँकेचे व्यवहार जिथून होतात तिथून चालेल. खाती अ‍ॅडमिन केलीत की ही आडकाठीच निघून जाते.

म्हणून आधी पासवर्ड मागणारी सॉफ्टवेअर एकेक करून पाहा. डेस्कटॉपवरच्या चिन्हावर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन निवडा. शॉर्टकट सापडला तर त्यावर पुन्हा तेच करा. वरच्या पट्टीत प्रोग्राम फाइल्स दिसले तर ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी बसवलेले आहे. युजर्स, मग खात्याचे नाव, मग अ‍ॅपडेटा असे दिसले तर ते त्या एका खात्यापुरते आहे आणि त्याच्या अपडेटला पासवर्ड लागायला नको.

ब्राउझर प्रोग्राम फाइल्समध्ये असला तरी त्याने पासवर्ड मागू नये. बसवताना एकदा अ‍ॅडमिनने होकार दिलेला असतो आणि त्याच वेळी ब्राउझर स्वतःची एक सर्व्हिस, म्हणजे पडद्याआड चालणारा छोटा प्रोग्राम, संगणकात ठेवून देतो. ती सर्व्हिस सिस्टमच्या, म्हणजे खुद्द विंडोजच्या, अधिकाराने चालते आणि पुढची अपडेट गुपचूप बसवते. फायरफॉक्समध्ये ही सोय २०१२ साली आवृत्ती १२ पासून आली. बसवलेल्या प्रोग्रामच्या यादीत तिची मोझिला मेंटेनन्स सर्व्हिस अशी वेगळी नोंद दिसते. साफसफाई करताना अनोळखी नाव म्हणून तीच काढून टाकली जाते, आणि मग दर अपडेटला पासवर्डची खिडकी येऊ लागते. तसे झाले असेल तर अ‍ॅडमिन खात्यातून फायरफॉक्स एकदा वरूनच पुन्हा बसवा. बुकमार्क जात नाहीत. नंतर सेटिंग्जमध्ये जनरल विभागात अपडेटसाठी बॅकग्राउंड सर्व्हिस वापरा, या ओळीसमोर खूण आहे ना पाहा. क्रोमचे तसेच. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधा, गूगल अपडेटर नावाने सुरू होणाऱ्या नोंदी उघडा आणि स्टार्टअप टाइपला डिसेबल्ड नाही ना, याची खात्री करा. संगणक वेगवान करून देतो म्हणणाऱ्यांनी या सर्व्हिसेस बंद करून ठेवलेल्या असतात.

हिशोबाच्या सॉफ्टवेअरला अशी सर्व्हिस नसेल तर ते पासवर्ड मागणारच, आणि मागावाच. त्याचे अपडेट रोज करायची गरजही नाही. सॉफ्टवेअरमध्येच आपोआप तपासणी बंद करा आणि बाजार बंद असेल असा महिन्यातला एक दिवस ठरवा. मासिक विवरणपत्रे भरणाऱ्यांनी ११ आणि २० तारखेच्या आधीचे तीन-चार दिवस टाळावेत. जीएसटीआर-१ आणि ३बी त्या दिवशी भरायची असतात. अपडेटआधी डेटाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तिन्ही संगणक एकाच बैठकीत अपडेट करा. नवी आवृत्ती डेटाची मांडणी बदलते, ती मग जुनी आवृत्ती असलेल्या संगणकावर उघडत नाही.

आणखी एक. वडिलांचे रोजचे खातेही स्टँडर्डच असू द्या. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथे मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय एक नवे खाते काढा, चेंज अकाउंट टाइपमधून ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, त्यातून एकदा आत जाऊन पाहा, आणि मगच वडिलांचे खाते स्टँडर्ड करा. हा क्रम उलटू नका. अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा, दुकानात नको.

प्रश्न : मुलीच्या खात्यावर अभ्यासासाठी एक प्रोग्राम टाकायचा होता. तिच्याच खात्यात सेटअप चालवला, त्याने पासवर्ड मागितला, मी माझा अ‍ॅडमिनचा टाकला. 'यशस्वी' असं आलं, पण तिच्याकडं चिन्हच नाही. दोनदा केलं. गेला कुठं? (बीड)

उत्तर : तो तुमच्या खात्यात बसला आहे, दोन्ही वेळा.

स्टँडर्ड खात्यात बसून दुसऱ्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड टाकला की सेटअप त्या दुसऱ्या माणसाच्या नावाने चालू लागतो. सेटअप सगळ्यांसाठी बसवणारा असेल तर फरक पडत नाही. पण एकाच खात्यापुरता बसवणारा असेल, तर 'चालू खाते' म्हणजे त्याच्या दृष्टीने तुम्ही. मग तो तुमच्या अ‍ॅपडेटामध्ये जातो, चिन्ह तुमच्या डेस्कटॉपवर येते, आणि अपडेटही तुम्ही लॉगिन कराल तेव्हाच होते.

तुमच्या खात्यातून तो काढा. मग निर्मात्याच्या डाउनलोड पानावर दोन प्रकार दिलेत का ते पाहा. व्हीएस कोडला (प्रोग्राम लिहायचे सॉफ्टवेअर) युजर इन्स्टॉलर आणि सिस्टम इन्स्टॉलर असे दोन मिळतात. मुलीसाठी पहिला घ्यायचा, तिच्या खात्यातून चालवायचा, पासवर्ड लागत नाही. एकच सेटअप असेल आणि त्याने पासवर्ड विचारला, तर खिडकीत 'नाही' म्हणून बघा. क्रोम अशा वेळी अ‍ॅडमिनशिवाय बसवू का, असे विचारतो आणि त्याच खात्यात बसतो.

प्रश्न : जालन्यात आमचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर जुनं आहे, बारा-तेरा वर्षांचं. मागच्या आठवड्यात त्याचं अपडेट टाकलं तर सगळी बिलं गायब, २०१९ पर्यंतचाच हिशोब दिसायलाय. जुनी आवृत्ती परत टाकली की सगळं दिसतं. पण तीच जुनी आवृत्ती 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केली की पुन्हा २०१९! डेटा नेमका आहे कुठं?

उत्तर : दोन ठिकाणी आहे आणि बहुतेक एकही बिल गेलेले नाही. पुढचे वाचून होईपर्यंत काहीही पुसू नका, काहीही नव्याने बसवू नका.

जुनी सॉफ्टवेअर डेटा स्वतःच्याच फोल्डरात, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहीत. विंडोज एक्सपीच्या काळात सगळेच अ‍ॅडमिन असत, त्यामुळे ते खपून जाई. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, तिथे लिहायला बंदी आली. मग जुनी सॉफ्टवेअर बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक आडवाट ठेवली. ३२ बिटचा, आपल्याला कोणते अधिकार हवेत हे स्वतःत नोंदवलेले नसलेला जुना प्रोग्राम तिथे लिहू लागला, तर विंडोज त्याला थांबवत नाही. ती फाइल गुपचूप त्या खात्याच्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात ठेवते. वाचताना आधी व्हर्च्युअलस्टोअर पाहते, तिथे नसेल तर खरा फोल्डर. प्रोग्रामला वाटते, सगळे नेहमीच्या जागी चालले आहे.

तुमच्याकडे २०१९ पर्यंत सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालत असणार. तेव्हाचा डेटा खऱ्या फोल्डरात आहे. नंतर संगणक किंवा खाते बदलले आणि तेव्हापासूनची बिले व्हर्च्युअलस्टोअरमध्ये साठत गेली. रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केले की आडवाट बंद होते आणि खरा, जुना फोल्डर उघडतो. नव्या आवृत्तीत निर्मात्याने अधिकारांची नोंद घातली असणार, त्यामुळे तिच्यासाठीही आडवाट बंद. पडताळून पाहायचे तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स यादीत स्तंभांच्या मथळ्यावर राइट क्लिक करा, सिलेक्ट कॉलम्समधून यूएसी व्हर्च्युअलायझेशन निवडा. जुन्या आवृत्तीसमोर एनेबल्ड दिसेल.

आता सोडवणूक. सॉफ्टवेअर सगळ्या खात्यांतून बंद करा. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, हिडन आयटम्स सुरू करा. सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचे खाते, अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर, प्रोग्राम फाइल्स एक्स ८६ असे आत जा. सॉफ्टवेअरच्या नावाचा फोल्डर सापडेल. तो, आणि प्रोग्राम फाइल्स एक्स ८६ मधला खरा, असे दोन्ही पूर्णच्या पूर्ण पेनड्राइव्हवर वेगवेगळ्या नावांनी उतरवा. डेट मॉडिफाइड पाहिले की कालपर्यंतचा कोणता ते कळेल. लक्षात घ्या, व्हर्च्युअलस्टोअर दर खात्याचे वेगळे असते. दुकानातला मुलगा दुसऱ्या खात्यातून बिले करीत असेल तर त्याची बिले त्याच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये आहेत, आणि दोन हिशोब फाइली नुसत्या एकावर एक ठेवून एक होणार नाहीत. कमी बिले असलेल्या बाजूची छापून घ्या आणि दुसरीकडे हाताने चढवा. कंटाळवाणे काम आहे, पण खताच्या साठ्याचा मेळ दुसऱ्या कोणत्याही मार्गाने बसणार नाही.

मग डेटासाठी डी ड्राइव्हवर नवा फोल्डर करा, ताज्या तारखेच्या डेटा फाइली त्यात ठेवा आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डेटाची जागा म्हणून तोच दाखवा. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, एडिट इथे युजर्स गटाला मॉडिफाय द्या. फक्त या डेटाच्या फोल्डरला. सॉफ्टवेअरच्या मूळ फोल्डरला मॉडिफाय देऊन टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो घातक आहे. तिथली प्रोग्रामची फाइल कुणालाही बदलता येऊ लागते आणि पुढे अ‍ॅडमिनने ती चालवली की सगळा संगणक त्या बदललेल्या फाइलच्या हाती जातो.

शेवटी व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फोल्डरचे नाव बदलून मागे 'जुने' लावा, नवी आवृत्ती बसवा, शेवटची दहा बिले ताडून पाहा. सॉफ्टवेअरमध्ये डेटाची जागा बदलायची सोयच नसेल तर निर्मात्याला हे पत्र दाखवून ती मागा.

प्रश्न : आमचं परभणी जिल्ह्यात सेवा केंद्र आहे. ठशाच्या यंत्राची आरडी सर्व्हिस अपडेट झाली की पोर्टलला यंत्र सापडत नाही. दुरुस्तीवाल्यानं यूएसीचा स्लायडर सगळ्यात खाली ओढून दिला आणि ब्राउझर कायम अ‍ॅडमिन म्हणून उघडा म्हणाला. चालतंय, पण हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आणि तुमच्याकडे लोकांचे आधार, सातबारा, बँकेचे कागद येतात, म्हणून हे तुम्हाला इतरांपेक्षा जास्त महागात पडेल.

यूएसी म्हणजे परवानगी विचारणारी विंडोजची व्यवस्था. तिचा स्लायडर तळाला असला की अ‍ॅडमिन खात्यातला कोणताही प्रोग्राम न विचारता पूर्ण अधिकार घेतो. त्यात ब्राउझर अ‍ॅडमिन म्हणून उघडलात, तर त्यातून उतरवून तिथल्या तिथे उघडलेली प्रत्येक फाइल त्याच अधिकाराने चालते. एखाद्या अर्जदाराने आणलेली लिंक पुरेशी आहे. काही जण याहून पुढे जाऊन रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या नोंदीतून, यूएसी मुळातूनच बंद करतात. तसे केले की स्टँडर्ड खात्यातून अपडेट चालवताना पासवर्डची खिडकीच येत नाही. अपडेट नुसते अयशस्वी होते आणि कारण कळत नाही.

खरी अडचण बहुधा वेगळी असते. आरडी सर्व्हिस, म्हणजे ठशाचे यंत्र पोर्टलशी जोडून देणारा प्रोग्राम, ही विंडोजची सर्व्हिस आहे, ती बसवताना व अपडेट करताना अ‍ॅडमिन लागतो. रोज चालवताना नाही. पोर्टल तिच्याशी संगणकाच्या आतल्या आत ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्टवरून (आतल्या क्रमांकित वाटेवरून) बोलते. अपडेटनंतर सर्व्हिस थांबलेली राहते, किंवा जुनी काढली न गेल्याने दोन राहतात. तेव्हा यंत्राची तार काढा, अ‍ॅडमिन खात्यातून जुनी आरडी सर्व्हिस व ड्रायव्हर काढा, संगणक पुन्हा सुरू करा, ड्रायव्हर बसवा, मग आरडी सर्व्हिस, आणि शेवटी तार जोडा. सर्व्हिसेसमध्ये ती रनिंग आणि ऑटोमॅटिक दिसली पाहिजे. स्लायडर सगळ्यात वर न्या. वरून दुसऱ्या पायरीवर विंडोजच्या स्वतःच्या काही गोष्टींना न विचारता सूट असते आणि घातक प्रोग्राम नेमका त्या सुटीचा फायदा घेतात.

प्रश्न : वाळूजमधल्या आमच्या कारखान्यात ४० संगणक आहेत, सगळे डोमेनवर, म्हणजे एकाच सर्व्हरच्या ताब्यात. मी अपडेटची सेटअप सर्व्हरवर ठेवतो, ती झेड ड्राइव्ह म्हणून सगळ्यांना दिसते. कामगाराच्या मशीनवर अ‍ॅडमिन पासवर्ड टाकला की सेटअप म्हणतं झेड ड्राइव्हच नाही. शिवाय लोकांनी अ‍ॅपडेटामध्ये काय काय बसवून घेतलंय.

उत्तर : झेड ड्राइव्ह कामगाराच्या लॉगिनला जोडलेली आहे. पासवर्ड टाकला की सेटअप तुमच्या अ‍ॅडमिन खात्याच्या वेगळ्या सत्रात चालते आणि त्या सत्रात झेड नावाचे काही जोडलेलेच नसते. स्वतः अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन केले तरी हेच होते, कारण साधे आणि वाढीव अशी दोन सत्रे विंडोज वेगळी धरते. त्यासाठी रजिस्ट्रीत एनेबल लिंक्ड कनेक्शन्स ही किंमत १ करतात, पण ती फक्त या दुसऱ्या प्रकाराला उपयोगी. सर्व्हरचा पूर्ण पत्ता, दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हरचे नाव, शेअरचे नाव असा वापरणे हाच सरळ मार्ग. त्याहून चांगले म्हणजे मशीनवर जाऊन पासवर्ड टाकणेच थांबवा. ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या संगणकांना एकाच जागेवरून लावायच्या नियमांतून) एमएसआय प्रकारची सेटअप फाइल संगणकाला नेमून द्या. संगणक चालू होताना ती सिस्टमच्या अधिकाराने बसते. शेअरवर त्यासाठी डोमेन कॉम्प्युटर्स गटाला वाचायची परवानगी द्यावी लागते. ही परवानगी द्यायची राहून जाते आणि पॉलिसी काही न बोलता अपयशी ठरते.

अ‍ॅपडेटामधल्या बसवण्यांचे दोन तोटे. एकाच मशीनवर तीन पाळ्यांचे तीन कामगार असतील तर तीन प्रती साठतात, आणि जो महिनाभर लॉगिन करीत नाही त्याची प्रत तितकी जुनी राहते. अ‍ॅपलॉकर, म्हणजे कोणते प्रोग्राम चालू द्यायचे हे ठरवणारी विंडोजची सोय, तिचे मूळ नियम लावले तर प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज यांबाहेरचे सगळे स्टँडर्ड खात्यांसाठी अडते. ते लगेच सक्तीने लावू नका. दोन-तीन आठवडे फक्त नोंद ठेवण्याच्या अवस्थेत चालवा, कामाचे काय अडले असते ते पाहा, आणि त्या प्रोग्रामना प्रकाशकाच्या डिजिटल सहीवरून परवानगी द्या. फाइलच्या हॅशवरून (त्या नेमक्या फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेवरून) दिलेली परवानगी पुढच्याच अपडेटला मोडते.

प्रश्न : मी नांदेडला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावाकडच्या दूध संकलन केंद्रांसाठी एक प्रोग्राम करतोय. तो स्वतः अपडेट व्हावा, पण केंद्रचालकाला पासवर्ड लागू नये. प्रोग्राम कायम अ‍ॅडमिन म्हणून चालवण्याशिवाय मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि कायम अ‍ॅडमिन हा मार्गच नाही. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रामला कोणते अधिकार हवेत ते नोंदवणाऱ्या भागात, चालवणाऱ्याचेच अधिकार घेणारा पर्याय अ‍ॅज इन्व्होकर ठेवा.

केंद्रावर एकच माणूस एकच खाते वापरत असेल तर प्रोग्राम त्या खात्याच्या अ‍ॅपडेटा, लोकल, प्रोग्राम्स या फोल्डरात बसवा आणि नोंदी करंट युजरच्या रजिस्ट्रीत करा. इनो सेटअप (सेटअप तयार करायचे साधन) वापरीत असाल तर लागणारे अधिकार लोएस्ट ठेवले की झाले. डेटा मात्र प्रोग्रामच्या फोल्डरात ठेवू नका. तो वेगळ्या फोल्डरात, म्हणजे अपडेटचा हात त्याला लागणार नाही. चालू असलेली एक्झी फाइल विंडोज पुसू किंवा तिच्यावर लिहू देत नाही, पण तिचे नाव बदलू देते. म्हणून नवी फाइल शेजारी उतरवा, सही तपासा, जुनीचे नाव बदला, नवी जागेवर ठेवा, आणि पुढच्या वेळी प्रोग्राम सुरू झाला की जुनी पुसा. नवी उघडलीच नाही तर परतायला जुनी हाताशी राहते. सकाळच्या संकलनाला रांग लागलेली असताना अपडेट सुरू होऊ नये. प्रोग्राम बंद करताना करा.

एका संगणकावर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा माणूस वेगळ्या खात्यातून बसत असेल तर सगळ्यांसाठी बसवावे लागेल, आणि मग तुमची स्वतःची अपडेट सर्व्हिस हवी. इथे जपून. ती सर्व्हिस सिस्टमच्या अधिकाराने चालेल, तेव्हा तिला फसवणाऱ्याला अख्खा संगणक मिळेल. तिने प्रोग्रामकडून फक्त 'अपडेट आहे का बघ' एवढाच निरोप घ्यावा. फाइलचा पत्ता किंवा वेब पत्ता बाहेरून घेऊ नये. उतरवलेली फाइल प्रोग्रामडेटा या सामाईक फोल्डरात ठेवायचा मोह होतो, पण तिथे नव्याने केलेल्या फोल्डरात साध्या खात्यालाही फाइली टाकता येतात. फोल्डर करतानाच परवानग्या आवळून फक्त सिस्टम आणि अ‍ॅडमिनपुरत्या ठेवा. उतरवणे, सही तपासणे, चालवणे हे तिन्ही त्याच फोल्डरात व्हायला हवे. तपासणी एकीकडे आणि चालवणे दुसरीकडे असेल तर मधल्या क्षणी फाइल बदलता येते. आवृत्तीचा आकडा आहे त्यापेक्षा मोठा असेल तरच पुढे जा, नाहीतर जुनी, दोष माहीत असलेली पण खरी सही असलेली आवृत्ती कुणीतरी तुमच्याच सर्व्हिसकडून बसवून घेईल.

परवानगीच्या खिडकीतून गेलेल्या सेटअपने शेवटी प्रोग्राम थेट उघडू नये. तो वाढीव अधिकाराने उघडतो, एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकणे बंद पडते, जोडलेल्या ड्राइव्ह दिसत नाहीत. आणि चालकाला वाटते अपडेटने प्रोग्राम बिघडला.

सहीच्या प्रमाणपत्राचा खर्च आत्ताच धरा. १ जून २०२३ पासून त्याची खासगी किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये किंवा तशा सुरक्षित यंत्रातच ठेवावी लागते, नुसती फाइल मिळत नाही.

प्रश्न : 'अपडेट करा' असं येतं तेव्हा ते खरं की खोटं, हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखावं? (शिक्षिका, धाराशिव)

उत्तर : आधी ते कुठे आले ते पाहा. वेब पानाच्या आत 'तुमचा ब्राउझर जुना झाला' असे आले तर ते खोटे समजा आणि पान बंद करा. क्रोमचे खरे अपडेट उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत, हेल्पमधल्या अबाउट पानावर असते.

परवानगीच्या खिडकीची वरची पट्टी निळी असेल तर प्रकाशकाची सही पटलेली आहे, पिवळी असेल तर प्रकाशक अनोळखी, लाल असेल तर विंडोजने ते अडवले आहे. निळी असली तरी नाव वाचा. तुम्ही पीडीएफ वाचक अपडेट करताय आणि नाव भलत्याच कंपनीचे असेल तर नाही म्हणा. आणि खिडकी तुम्ही काहीही न करता अचानक उघडली असेल, तरीही नाही म्हणा. खरे अपडेट पुन्हा विचारेल.

सही हा पुरावा मोठा असला तरी अखेरचा नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमध्ये नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम पसरला तो एम.ई.डॉक या तिथल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या खऱ्या अपडेट सर्व्हरमधून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सीसीक्लीनर या संगणक साफ करायच्या सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती खऱ्या सहीनिशी, पण आत घातक भाग घेऊन बाहेर पडल्याचे उघड झाले. नॉटपेट्या एका संगणकातून दुसऱ्यात जाताना अ‍ॅडमिनचे पासवर्ड स्मृतीतून उचलत असे. त्यामुळे शाळेतल्या सगळ्या संगणकांना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड असेल तर तो बदला, आणि निकालपत्रकांची एक प्रत कायम संगणकापासून सुटलेल्या ड्राइव्हवर ठेवा.

प्रश्न : अपडेट चालू असतानाच लाइट गेली. आता प्रोग्राम उघडतच नाही, काढूही देत नाही. (अंबाजोगाई)

उत्तर : अर्ध्या फाइली नव्या, अर्ध्या जुन्या अशी स्थिती आहे. बसवलेल्या अ‍ॅप्सच्या यादीत त्याच्यासमोर मॉडिफाय किंवा रिपेअर मिळाले तर ते आधी करा. नसेल तर आधी होती तीच किंवा तिच्या पुढची आवृत्ती उतरवून अ‍ॅडमिन खात्यातून आहे त्यावरच बसवा. नंतर हवे तर काढता येईल. त्याआधी डेटाची प्रत घ्या, आणि जालन्याच्या पत्राच्या उत्तरात सांगितले तसे व्हर्च्युअलस्टोअरही पाहून घ्या. भारनियमनाचे वेळापत्रक ठरलेले असेल तर लाइट आल्यावर लगेच अपडेट सुरू करा, जायच्या वेळेला नको. इन्व्हर्टरवर घेत असाल तर संगणकाबरोबर राउटरही त्याच जोडणीवर आणा. सर्व्हरवरून फाइली उतरवतच बसवणारी सेटअप नेट तुटल्यावरही अर्ध्यातच थांबते.